मोतीला घरात ठेवा, पैदाशीतून काढा

पत्राचा सारांश: जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंनी ३ वर्षांपूर्वी हौसेने सिल्की या रेशमी पिसांच्या जातीच्या कोंबड्या घेतल्या. एक कोंबडा, दोन कोंबड्या, तिघंही एकाच घरचे. आज गच्चीवरच्या पत्र्याच्या खुराड्यात २२ पक्षी आहेत आणि सगळे त्या तिघांच्याच वंशातले. जुना कोंबडा गेला, आता त्याचा मुलगा मोती कळपाचा धनी आहे. पिल्लांच्या विक्रीतून मुलाच्या क्लासची फी निघते. पण वर्षभरात दोन पिल्लांच्या चोची कात्रीसारख्या फाकल्या, तिघांच्या पायाची बोटं वाकडी निघाली, तीन-चार महिन्यांच्या काही तलंगांची (तरण्या कोंबड्यांची) मान पिळवटू लागली. मे महिन्यात अंडी उबवण्याच्या मशिनमध्ये ठेवलेल्या १४ अंड्यांतून ५ पिल्लं आली. एका गिऱ्हाइकाने ‘याला पाच बोटं आहेत’ म्हणून पिल्लू परत आणलं. बार्शीच्या एका मुलीने नेलेलं पिल्लू मान वाकडी होऊन पडलं आहे, तिचे वडील फोन करतात आणि ताई फोन उचलत नाहीत. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. पक्षी पाळणारे एक ओळखीचे म्हणतात ही मानमोडी आहे, सगळे कापा. दुसरे म्हणतात गप्प राहा, पाऊस पडला की बरं होतं. गिऱ्हाइकं मात्र मोतीच्या उंच, गोल डोक्याचा फोटो बघूनच पिल्लं मागतात. ताई विचारतात, “सगळे कापू, की काही न बोलता विकत राहू? चूक माझी आहे की रक्ताची?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली आणि तुमच्या तक्रारींपुढे एकेक महिना लिहीत गेलो. वाकडी बोटं एप्रिलच्या खेपेतली. कमी पिल्लं मे महिन्यातली. पिळवटलेल्या माना मात्र हिवाळ्यातही आणि उन्हाळ्यातही. कात्री चोच दोन वेगवेगळ्या खेपांत, पण दोन्ही वेळा अंडी त्याच कोंबडीची, हे तुम्हीच जाता जाता लिहिलंय. म्हणजे हा एक आजार नाही. चार-पाच वेगळ्या गोष्टी एकाच वर्षात तुमच्या गच्चीवर आल्या आणि तुम्ही त्यांची एक मोळी बांधलीत. ती आधी सोडू या.

पाच बोटं यादीतून खोडून टाका. सिल्कीला प्रत्येक पायाला पाच बोटंच असतात, ती या जातीची ओळख आहे. काळी कातडी, निळसर कानाची पाळी, पायावरची पिसं हेही तसंच. ते पिल्लू परत घेतलंत हा तुमचा चांगुलपणा, पण पुढच्या वेळी पिल्लू देतानाच पाय उलटा करून बोटं मोजून दाखवा.

आता मे महिन्यातली १४ अंडी. मशिनमध्ये ठेवण्याआधी ती आठवडाभर कुठे होती? तुम्ही लिहिता, स्वयंपाकघरात, टोपलीत. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत भर दुपारी काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांवर, फार तर ७ दिवस ठेवायची असतात. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, रात्री मंदावतो, दुपारी पुन्हा वेग घेतो आणि या ओढाताणीत मशिनपर्यंत पोचायच्या आधीच मरतो. शिवाय कडक उन्हात कोंबड्याचं बीजही कमजोर पडतं. १४ मधली ५ निघाली याचा दोष मी तरी आधी उन्हाला देईन, मग मशिनला, आणि रक्ताला सगळ्यात शेवटी. एप्रिल-मे महिन्यांत अंडी बसवूच नका. बसवायचीच असली तर माठ अर्धा ओल्या वाळूत पुरून त्यात अंडी ठेवा आणि चार दिवसांच्या आत उबवायला घाला.

मशिनचंही बघू. पंख्याच्या मशिनमध्ये ३७.५ अंश तापमान, पहिले १८ दिवस हवेतली आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७०. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची वाटी दुपारीच सुकते. वीज गेली की तापमान पडतं, आली की कधी कधी वर उसळी मारतं. जास्त तापलेल्या अंड्यांतून वाकड्या बोटांची पिल्लं निघतात, आणि पिल्लांना वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर ठेवलं की पाय फाकतात. बोटं वाकडी होण्याचं तिसरं कारण खाण्यात असतं. नुसती ज्वारीची कणी आणि भात खाऊन वाढणाऱ्या पिल्लांना ब२ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यांची बोटं मुठीसारखी आत वळतात. हे लवकर ओळखून ब जीवनसत्त्वाचं औषध पाण्यातून दिलं तर बोटं सुटतात. रक्तातला दोष औषधाने सुटत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

मशीन की रक्त, हे ठरवायला पैसे लागत नाहीत. सिल्की खुडूक व्हायला, म्हणजे अंड्यांवर बसायला, एका पायावर तयार असते. येत्या पावसाळ्यात मोती आणि दोन-तीन कोंबड्यांची आठवडाभरातली १० अंडी घ्या, कोणतं कुणाचं त्याच्या पेन्सिलीने खुणा करा, प्रत्येकीची साधारण निम्मी वाटून पाच मशिनमध्ये ठेवा आणि पाच खुडूक कोंबडीखाली. २१ दिवसांनी बघा. वाकडी बोटं फक्त मशिनमधल्या पिल्लांत आली तर मशीन दुरुस्त करा. दोन्हीकडे आली आणि खाणंही नीट होतं, तर मग रक्ताकडे वळा. पाच अंड्यांवरून निकाल पक्का होत नाही, म्हणून हेच दोन-तीनदा करा.

मान पिळवटण्याचं मात्र सावकाश सांगतो, कारण इथेच तुम्हाला सगळे कापायला सांगितलं गेलंय.

मान वाकडी म्हणजे मानमोडी, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की दुसरं काही सुचतच नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. ती विषाणूची साथ आहे, आणि लस न टोचलेल्या कळपात शिरली तर ती एका तलंगीला धरून बाकीच्यांना सोडत नाही. धापा टाकणं, हिरवी पातळ विष्ठा, आणि चार दिवसांत खुराड्यात मरतूक. तुमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांत एखादी मान पिळवटते आणि बाकीच्या मजेत चरतात. त्यावरची लासोटा लसही तुम्ही सातव्या दिवशी आणि पुन्हा महिन्याने दिलाय. म्हणून मला ही साथ वाटत नाही. उद्या एकदम तीन-चार पक्षी पडले, किंवा गच्चीवर कावळे मरून पडलेले दिसले, तर मात्र एकही मेलेला पक्षी न फाडता, एकही पक्षी घराबाहेर न देता, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मग मान का वळते? सिल्कीत याची एक खास जागा आहे, आणि ती मोतीच्या डोक्यावर आहे. आज संध्याकाळी पक्षी शांत बसले की मोतीला मांडीवर घ्या आणि अंगठ्याने अगदी हलक्या हाताने पिसांचा झुबका बाजूला करा. कपाळाच्या वर एक टेंगूळ लागेल. त्याच्या माथ्यावर किंवा कडेला तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं मऊ काही लागलं, तर तिथे कवटीचं हाड जुळलेलं नाही आणि मेंदूवर नुसती कातडी आहे. काही सिल्कींत मेंदूचा भाग त्या उंचवट्यात वर आलेला असतो. गिऱ्हाइकांना आवडणारा घुमट तो हाच, आणि तो आईबापांकडून पिल्लांत उतरतो. उंच कवटी आणि भरगच्च झुबका यांची जोडी असल्यामुळे मोठ्या झुबक्याचे पक्षी निवडत गेलं की उघड्या कवट्याही वाढत जातात. बाळाची टाळू भरते तशी काहींची पुढे हाडाने भरते, काहींची आयुष्यभर उघडीच राहते.

अशा तलंगीला दुसऱ्या कोंबडीने डोक्यात एक चोच मारली, किंवा ती दाराच्या कडीवर आपटली, तर बाहेर रक्ताचा थेंबही दिसत नाही. दोन दिवसांनी मान वळायला लागते, पक्षी मागे मागे चालतो, डोकं पायांत घालतो. घरचे म्हणतात काल तर चांगली होती. तुमच्या पिळवटलेल्या तलंगा किती उंच डोक्याच्या होत्या ते आठवून लिहा. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंत तिन्ही तशाच दिसतात.

दुसरं कारण खाण्याच्या पोत्यात असतं. ई जीवनसत्त्व उष्णतेने आणि खवट तेलाने मरतं. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून घ्यायचं आणि २२ पक्ष्यांनी ते पत्र्याखाली दोन महिने खायचं, हे सोलापुरात चालत नाही. ई कमी पडलं की लहान पिल्लांच्या मेंदूला इजा होते आणि मान अशीच वळते. तीन आठवड्यांत संपेल इतकंच खाद्य आणा, घरात खाली, सावलीत, झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि एक हात जोडून सांगतो, बुरशी आलेल्या शेंगा किंवा जुनी शेंगपेंड कोंबड्यांना घालू नका. आपल्याकडे शेंगा मुबलक, म्हणून चटणीला नको असलेल्या काळ्या शेंगा खुराड्यात जातात. त्या बुरशीचं विष यकृत पोखरतं आणि लसही नीट लागू पडू देत नाही.

तिसरं कारण मारेक नावाचा विषाणूचा आजार. हे नाव पत्रात नाही, पण सिल्की पाळणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं, कारण ही जात त्याला लवकर बळी पडते. ते मी माझ्या अंगणात शिकलो. एका वर्षी बाहेरून दोन देखण्या तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या. अडीच महिन्यांत माझ्या १७ पैकी ९ तलंगा गेल्या. एक पाय पुढे, एक पाय मागे, अशा पसरून पडायच्या, डोळे उघडे, भूक असूनही उठता यायचं नाही. मी लकवा समजून तेल चोळत बसलो. शवविच्छेदनात मारेक निघाला. तो पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो आणि रिकाम्या खुराड्याच्या धुळीतही महिनोन् महिने टिकतो. अंड्यातून मात्र येत नाही. त्यामुळे पिल्लं पहिल्या दिवसापासून मोठ्या पक्ष्यांपासून दूर, वेगळ्या जागी वाढवली तर बराच फरक पडतो. लस पहिल्याच दिवशी टोचायची असते. तिची कुपी शेकडो मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून घरगुती पाळणारे ती टाळतात. त्यावर तोडगा आहे. होटगी रोड, विजापूर रोड, कुंभारी, मोहोळ, जिथे जिथे तुमच्या ओळखीचे चार-पाच जण फॅन्सी कोंबड्या पाळतात, त्यांनी एकाच तारखेला अंडी बसवा. २१ दिवसांनी सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी निघतील, एक कुपी वाटून घ्या. लस गाठी आणि लकवा रोखते, विषाणू अंगात शिरणं रोखत नाही, म्हणून लस टोचलेला नवा पक्षीही ३० दिवस वेगळाच ठेवा.

यातलं नेमकं कोणतं कारण तुमच्याकडे आहे हे पत्र वाचून मी सांगू शकत नाही. मेलेला पक्षी सांगतो. पुढचा पक्षी दगावला तर फ्रीझरमध्ये टाकू नका. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, डब्यात बर्फ घालून, त्याच दिवशी जिल्ह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन मागा. गरज पडली तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. अंदाजाने २२ पक्षी कापण्यापेक्षा एक पक्षी नीट तपासून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ज्या तलंगीची मान आज वळलेली आहे तिला वेगळ्या खोक्यात ठेवा, दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल लावा म्हणजे ती उलटणार नाही. पाणी ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब, खाद्य ओलं करून हाताने. ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि ब-कॉम्प्लेक्स डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घेऊनच द्या. सेलेनियम थोडं कमी पडलं तर त्रास, थोडं जास्त झालं तर विष. दोन ते चार आठवडे लागतात. अनेक पक्षी सावरतात. सावरलेली तलंग पाळा, पण तिची अंडी उबवू नका.

आता रक्त. तुमच्या हिशेबात मोती आपल्या आईवर, बहिणींवर आणि या वर्षीपासून स्वतःच्या मुलींवर आहे. सख्ख्या बहीण-भावाच्या किंवा बाप-मुलीच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लात जनुकांच्या २५ टक्के जोड्या एकाच पूर्वजाच्या दोन प्रती असू शकतात. मूळ तिघं एकाच घरचे, म्हणजे तुमचा आकडा त्याहून वरच. सांगोला-मंगळवेढ्याकडचा खिलार पाळणारा शेतकरी वळूची मुलगी त्याच वळूला दाखवत नाही. कोंबडीच्या बाबतीत आपण हे विसरतो, कारण ती लहान आहे आणि खुराडं एकच आहे.

दोष कसा लपतो हे तुमची सिल्कीच दाखवते. सिल्की कोंबडा गावठी कोंबडीवर सोडा, सगळी पिल्लं साध्या पिसांची निघतील. रेशमी पीस कुठे गेलं म्हणाल? कुठेही नाही. त्या साध्या पिसांच्या भावंडांची आपसात जोडी लावा, चारातलं एक पिल्लू पुन्हा रेशमी निघेल. रेशमी पीस सुप्त आहे, दोन्हीकडून मिळाल्याशिवाय दिसत नाही. (काळ्या कातडीचं उलट. झाबुआच्या कडकनाथात आणि सिल्कीत तिचं मूळ एकच, आणि ती एका बाजूने आली तरी पिल्लात उतरते, कधी गडद, कधी पुसट.) कात्री चोचीसारखे दोष नेहमी एकाच जनुकाचे नसतात, पण लपण्याची रीत पुष्कळदा हीच. म्हणून वाकड्या चोचीचं पिल्लू तेवढं बाजूला काढून भागत नाही. साध्या सुप्त दोषात त्याच्या सरळ चोचीच्या तीन भावंडांपैकी सरासरी दोघांच्या अंगात तो असतो. आणि आईबाप दोघंही सरळ चोचीचे असून पिल्लू वाकडं निघालं, तर दोघांनीही तो दिलेला आहे. तुमच्याकडे तो बाप एकच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. मोतीला कापू नका, विकू नका, कुणाला पैदाशीसाठी देऊही नका. तो तुमच्या घरचा आहे, मुलगा शाळेतून आला की त्याच्या मांडीवर बसतो असं तुम्ही लिहिलंय. तो राहील. पण मशिनच्या त्या चाचणीपुरती अंडी सोडली तर बाप म्हणून त्याचं काम आजपासून बंद. पाळणं एक आणि पैदास दुसरी, हे दोन निर्णय तुम्ही एकच समजत होतात, म्हणून ‘सगळे कापू की गप्प विकू’ असे दोनच रस्ते तुम्हाला दिसले. कात्री चोचीची दोन्ही पिल्लं जिची, ती कोंबडीही पैदाशीतून बाहेर.

बाहेरून एक कोंबडा आणा, नात्यातला नसलेला. डोकं बेताचं, टाळू हाडाने भरलेली, चोच सरळ, आणि शक्य झालं तर त्याची आई आणि भावंडं डोळ्यांनी बघून. महिनाभर वेगळा ठेवा, मग तुमच्या सरळ, सपाट डोक्याच्या चार कोंबड्यांवर सोडा. पहिल्या दोन खेपा विकू नका, वाढवून बघा, नव्या रक्तातही जुना दोष लपलेला असू शकतो. पुढे जागा झाली तर तीन खुराडी करा. कोंबड्या जिथल्या तिथे ठेवायच्या, आणि दर वर्षी पहिल्या खुराड्यातले तरुण कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. एवढ्याने अनेक वर्षं बहीण-भावाची गाठ पडत नाही. प्रत्येक पिल्लाच्या पायात रंगीत कडी आणि एक वही, इतकंच लागतं. आणि जोडी लावण्याआधी दोघांच्याही शेपटीखालची दाट पिसं कात्रीने कमी करा, सिल्कीत अंडी फोल जाण्याचं ते साधं कारण असतं. डोळ्यावर येणारा झुबकाही तेव्हाच छाटा, आणि तिथेच उवा बघून घ्या.

पैशाचं काय, हा प्रश्न उरतोच. सहा-आठ महिने विक्री जवळपास थांबेल, फीचा भार दुसरीकडून उचलावा लागेल. हे मी हलकं करून सांगत नाही. त्या काळात खुडूक कोंबड्यांखाली ओळखीच्यांची गावठी अंडी मजुरीवर उबवून देता येतील, सिल्कीसारखी दाई दुसरी नाही. पण गप्प राहून विकलेली पिल्लं पुढे बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरच्या अंगणांत एकमेकांशी जुळतील, आणि पाच वर्षांनी नात्याबाहेरचा कोंबडा शोधायला निघालेल्या माणसाला मोतीचाच पणतू मिळेल.

सासूबाई दृष्ट काढतात तर काढू द्या, त्यांचाही जीव पक्ष्यांत आहे. त्यांना वहीचं काम द्या, रोज कोणती कोंबडी काय खाते हे त्यांच्या नजरेतून सुटत नसणार.

बार्शीचा फोन आज करा. शब्द सुचत नसतील तर असं म्हणा: “तुमच्या पिल्लाचं असं का झालं ते मला नक्की माहीत नाही, पण माझ्याकडेही तसं झालंय, आणि मी फोन उचलला नाही ही माझी चूक. त्याला वेगळं ठेवा, डॉक्टरांना दाखवा, औषधाचा खर्च मी देते. ते मोठं झालं तर त्याची पैदास करू नका. चांगलं पिल्लू निघालं की पहिलं तुमच्या मुलीचं.” मुलीशीही बोला. ड्रॉपरने पाणी कसं पाजायचं ते तिला फोनवर नीट समजावून सांगा, तिचे वडील रागात असतील तरी तिला ते ऐकायचं असेल.

आणि मोतीला वेगळा ठेवाल तेव्हा अगदी एकटा ठेवू नका, खाणं सोडेल. त्याची म्हातारी आई सोबतीला द्या. तिने अंडं घातलं की त्याच सकाळी पोळा करून मुलाला खाऊ घाला, मशिनच्या ट्रेपर्यंत जाऊ देऊ नका.